गुलजारबीचा शाहीर

गुलजारबी मण्यारीण आमच्या घरी बांगड्या भरायला यायची, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्याही तिची नजर दाराकडे असायची. पुढच्या घरी जायचंय, पुढच्या गावाला जायचंय, गाडी चुकेल, मोटार निघून जाईल, असं काहीतरी तिच्यामागे सतत लागलेलं असे. पण एकदा का तिने आमचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने हाडं दाबत बांगडी चढवायला लागली, की ती बोलायला लागे. हात तिच्या मुठीत अडकलेला, त्यामुळे ऐकणारीला उठता येत नसे. पुंजाराम शाहिराची गोष्ट मी अशीच ऐकली. एका बैठकीत नव्हे, कितीतरी सणांना मिळून. कधी उजव्या हाताला अर्धी आणि डाव्या हाताला उरलेली. इथे ती सलग सांगते.

तिचं घर नाशकात काझीपुऱ्यात. नवरा खलील भद्रकालीच्या रस्त्याला बांगड्यांचं दुकान चालवी. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक गादी. खलीलचा स्वभाव थंड. सकाळी गादीवर बसला की नमाजापुरता आणि जेवणापुरता उठायचा. फिरायचं काम गुलजारबीचं. डोक्यावर पाटी घेऊन ती गल्लीबोळांतून फिरे आणि यात्रांचा हंगाम आला की गावोगाव जाई. सायखेडा, लासलगाव, चांदवड, एखाद्या वर्षी पार सुरगाण्याच्या डोंगरापर्यंत. यात्रेत बायका मनापासून बांगड्या भरतात, हे खरंच होतं. पण तिच्या यात्रा ठरत त्या पुंजारामाचा फड कुठे उतरणार आहे त्यावरून, हे काझीपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुंजाराम सायखेड्याचा. घरची थोडी शेती, पण नाव झालं ते डफावर. तो कलगीवाला होता. कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं. उत्तर देता आलं नाही तर हार. माणसं दुपारी बसायची ती दिवेलागणीला उठायची.

गुलजारबीने त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, लग्न ठरायचं होतं. सायखेड्याच्या यात्रेत नदीकाठी आईने बांगड्या मांडलेल्या, आणि ही शेजारी बसून रंग वेगळे करत होती. हिरव्यांच्या दोऱ्यात हिरव्या, लालच्या दोऱ्यात लाल. पलीकडे चिंचेखाली डफ वाजला आणि एका तरण्या माणसाने सूर लावला.

"आवाज गोड नव्हता गं," गुलजारबी सांगायची. "जाडाभरडा होता. पण वर चढायला लागला की वाटायचं, आता तुटेल, आता तुटेल. आणि तुटायचा नाही. माझा जीव त्या तुटेल-तुटेलमध्येच अडकला."

हिरव्या दोऱ्यात तिने लाल बांगड्या ओवल्या. आईने पाठीत धपाटा घातला, तेव्हा ती भानावर आली. आणि लगेच उठून गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका बैलगाडीच्या चाकावर चढली. शाहीर विचारत होता:

"बिनपाण्याची घागर भरली, माथ्यावर नाही चुंबळ,
चालता चालता जड का झाली, सांग तुऱ्याच्या, उलगड!"

याचा अर्थ तिला कळला नाही. तुरेवाल्यांनी काय उत्तर दिलं तेही कळलं नाही. पण घरी परत येताना गाडीत तिला बसवेना. आईने विचारलं, "मुंग्या चावतायत का?" पुढे कितीतरी दिवस ती पाणी भरताना, भाकरी थापताना मध्येच थांबायची.

मग खलीलशी लग्न झालं, मुलं झाली, आई गेली, धंदा तिच्या हाती आला. पुंजारामाचं गाणं मात्र सुटलं नाही. लग्नानंतर तिने खलीललाही एकदा नेलं होतं. तो बसल्या जागी झोपला. "मला सगळ्या चाली एकच वाटतात," म्हणाला. त्यावरून तिने घरी अबोला धरला. नंतर मात्र त्यांचं ठरून गेलं, तिने जायचं आणि त्याने विचारायचं नाही. गल्लीत कुजबूज व्हायची. एकदा दूध आणायला गेलेल्या खलीलला कुणीतरी ऐकवलं, "बायको शाहिराच्या मागे हिंडते म्हणे." खलील म्हणाला, "तिला गाणं ऐकायचं असतं म्हणून आमचा माल गावोगाव खपतो. तुमच्या घरात कुणाला काही ऐकायचं नसतं, त्याला मी काय करू?"

आणि खरं सांगायचं, तर इतक्या वर्षांत ती शाहिराशी एक शब्द बोलली नव्हती. बायकांच्या बाजूला कडेला बसायची, गाणं संपलं की आपल्या मांडलेल्या मालाकडे परतायची. समोर गेली नाही, कधी निरोप पाठवला नाही. त्याच्या घरी कोण आहे, तो खातो काय, हेही तिला ठाऊक नव्हतं. पण तिचा तो होता. "माझा शाहीर" असंच म्हणायची, जसं कुणी "माझी नदी" म्हणावं.

मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती सालं. नाशकात रोज कुणाची ना कुणाची धरपकड चाललेली, विलायती कापडाच्या होळ्या पेटलेल्या. पुंजारामानेही कोडी घालणं कमी केलं. कलगी-तुऱ्याचा सामना अर्ध्यावर थांबवून तो उभा राही आणि देशाची गाणी म्हणे. गुलजारबीला ती आवडत. जुन्या गाण्यांतलं तिला निम्मं कळत नसे, ही सगळी कळत. सुताचं गाणं, मिठाचं गाणं, तुरुंगाच्या भाकरीचं गाणं. ती माल विकता विकता गुणगुणायची.

बत्तीस सालच्या चैत्रात सायखेड्याची यात्रा भरली, तेव्हा ती नेहमीसारखी गेली. निफाडपर्यंत आगगाडीने, तिथून बैलगाडीने. त्या वर्षी पाटीत जपानी माल भरपूर होता. जपानी बांगडी स्वस्त, हलकी, तिच्यावर सोनेरी ठिपका. बायकांच्या उड्या पडायच्या. सकाळपासून धंदा चांगला झाला. दुपारी डफ वाजला तशी तिने माल शेजारच्या कुंकूवालीकडे सोपवला आणि जाऊन बसली.

पुंजारामाने नवीन गाणं रचलं होतं. पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

"परक्याची काच, हाताला जाच,
फोडा गं बायांनो, फोडा आज!"

झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे उभं राहून साथ करणाऱ्यांनी, ते उचललं. फोडा आज, फोडा आज. कोंडाजी नावाचा त्याचा मोठा झीलकरी होता, त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. शाहीर वर वर चढत गेला. गुलजारबीला त्या चढण्याची सवय होती, अंगावर काटा यायची सवय होती. त्या दिवशीही काटा आला, पण निराळा. एक बाई उठली आणि तिने चिंचेच्या पाराच्या दगडावर मनगट आपटलं. मग दुसरी उठली. मग एकदम दहा-पंधरा. पोरीबाळी, लेकुरवाळ्या, सगळ्या. काचांचा आवाज गाण्यात मिसळला.

"तो आवाज मला माहीत होता," गुलजारबी सांगायची. "मण्यारणीला तो फक्त एकाच घरात ऐकू येतो. मयताच्या."

ती उठली. परत आली तर तिच्या मालाभोवती पोरं जमलेली, आणि कुंकूवाली हात पसरून त्यांना अडवत होती. चार दोऱ्या तरी मातीत गेल्या होत्या. गुलजारबीने उरलेलं गोळा केलं. मालाचं तिला तितकं वाटलं नाही. पण डोक्यात ते एकच फिरत होतं. फोडा. त्याच्या तोंडून फोडा.

ऊन उतरलं तेव्हा एक तरुण बाई तिच्याकडे आली. नवसाबाई नाव, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं. दोन्ही हात मोकळे, एका मनगटाला ओरखडा. घरी गेली तर सासूने उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं. "माझा पोरगा जित्ता हाय आन् तू असे हात घेऊन दारात उभी ऱ्हातीस?" असं म्हणाली होती.

"मावशी, हिरव्या भर. कसल्या बी भर," नवसाबाई म्हणाली.

"माझ्याकडे सगळ्या जपानी आहेत, बाई. त्या भरून गेलीस तर ही पोरं पुन्हा फोडायला लावतील."

शोधता शोधता लाखेच्या दोन बांगड्या सापडल्या. लाल. गुलजारबीने त्या तिला घातल्या आणि पाटी उचलून तिच्याबरोबर घरापर्यंत गेली. सासू दारातच बसली होती. लाखेच्या बांगड्या बघून तिने तोंड फिरवलं.

"काचेच्या पायजेत. हिरव्या पायजेत," ती म्हणाली. "आन् त्या शाहिराला म्हणावं, माझ्या दारी ये. माझ्या पोराच्या नावानं फोडायला लावल्यास, आता तूच येऊन काय ते कर."

"मी सांगते त्यांना," गुलजारबी म्हणाली. बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती धर्मशाळेच्या अंगणात गेली. घर गावातच असलं तरी यात्रेत शाहीर फडाबरोबर तिथेच उतरे. शाहीर शेकोटीपाशी बसून डफ शेकत होता. चामडं नदीकाठच्या ओलाव्याने सैल पडतं, ते तापवून ताणावं लागतं. कोंडाजी दात घासत उभा होता. सोळा-सतरा वर्षं ऐकलेला माणूस इतक्या जवळून पहिल्यांदा दिसत होता. केस पांढरे व्हायला लागले होते. एका डोळ्याच्या कडेला जुनी खूण होती, ती लांबून कधी दिसली नव्हती.

"शाहीर, बोलायचंय तुमच्याशी."

"बोला की. कुठल्या तुम्ही?"

हा प्रश्न तिला लागला. चूक त्याची नव्हती, त्याला काय माहीत? तरी लागला.

"नाशकाची. मण्यारीण आहे."

"आस्सं." तो हसला. "मंग आमच्यावर राग आसंल. धंदा बसला तुमचा."

"धंद्याचं मी बघेन. तुम्ही बायकांना फोडा म्हणालात."

"मंग काय म्हनायचं?"

"आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. तुमच्या घरी तसंच, आमच्या घरी तसंच. फोडतात कधी, ते तुम्हाला सांगायला नको."

कोंडाजी चूळ टाकून म्हणाला, "वाढवा गं बायांनो म्हनलं तर कोन उठंल, बाई? गान्यात जोर लागतो."

"मग चला, आणि नवसाबाईच्या सासूला सांगा, गाण्यात जोर लागतो म्हणून. पोरगी काल घराबाहेर उभी होती." आणि तिने सगळं सांगितलं. शाहीर ऐकत होता, डफ फिरवत होता. मग त्याचा चेहरा कठीण झाला.

"लोक देशासाठी लाठ्या खात्यात, बाई. कुनाची डोकी फुटली, कुनाची घरं गेली. आन् तुमी बांगड्यांचं घेऊन बसल्यात?"

"लाठी खाणारा आपल्या पाठीवर खातो, शाहीर. तुम्ही दुसऱ्याच्या हातातल्या फोडल्यात."

त्याने शेकोटीत एक काडी टाकली आणि तिच्याकडे पाठ केली. ती निघाली. माघारी येताना गाडीत मनाशी म्हणत होती, संपलं. आता नाही ऐकायचं. माणूस कळला.

पण ते काही संपलं नाही. आठवड्याभरात बातमी आली की लासलगावच्या बाजारात त्याने तेच गाणं म्हटलं, पहिल्यापेक्षा जोरात. गुलजारबी भडकली. चूल फुंकता फुंकता खलीलला म्हणाली, "घसा बसू दे त्याचा. बसूच दे कायमचा."

खलील म्हणाला, "जाऊ दे. गाणंच तर आहे."

"तुम्हाला गाणंच तर वाटतं. सगळ्या चाली एकच वाटतात तुम्हाला."

पुढच्याच बाजाराला पोलिसांनी पुंजारामाला डफासकट उचललं. वर्ष-दीड वर्षाची सजा झाली. ही बातमी दुकानात कुणीतरी सांगितली तेव्हा गुलजारबीच्या हातात गिऱ्हाइकाचा हात होता. तिने तो सोडून दिला. बाई वैतागून निघून गेली.

मी घसा बसू दे म्हणाले, आणि बसवला की त्यांनी, हे तिच्या मनातून जाईना. खलील समजावायचा, तुझ्या बोलण्याने सरकार चालतं का? तिलाही ते पटायचं. पण रोज पहाटे उठल्यावर तेच. दुकानात जायची, परत यायची, मध्येच पाटी घेऊन निघायची, निम्म्या गल्लीतून परतायची. एकदा रागाने सगळी जपानी पाटी तिने घाऊक व्यापाऱ्याकडे परत केली. देशी माल मागितला. फिरोजाबादची बांगडी त्या वेळी जाडसर यायची, रंग तितका चमकायचा नाही, आणि बायका नाक मुरडायच्या. गुलजारबी म्हणायची, "जाड आहे म्हणून टिकेल. भरून घे गप." तिला स्वतःलाच कळत नव्हतं, आपण हे शाहिराचं ऐकून करतोय की त्याच्या नाकावर टिच्चून.

हिरवा फिरोजाबादी चुडा घेऊन ती आधी नवसाबाईकडे गेली. सासू अजून धुसफुसत होती, पण काच होती, हिरवी होती. तिने हरकत घेतली नाही. परतताना गुलजारबी थबकली. शाहिराचं घर त्याच गावात, नदीच्या अंगाला. विचारत विचारत गेली.

दार उघडलं ते त्याच्या बायकोने. वत्सलाबाई. उंच, हडकुळी बाई, पदर दोन्ही मनगटांवरून घट्ट ओढून घेतलेला.

"बांगड्या भरायच्या का?" गुलजारबीने विचारलं. दुसरं काय विचारणार?

वत्सलाबाई तिच्या पाटीकडे बघत राहिली. "देशी हायेत का?"

"देशी आहेत."

मग तिने हात पुढे केले. दोन्ही हात मोकळे. "यांच्या गान्यापायी पैल्या माज्याच फोडल्या," ती म्हणाली. "पैलं मीच उठले हुते त्या दिशी. मला काय ठावं, म्होरं असं व्हईल? आता ते तुरुंगात, आन् लोक आधी माजे हात बघत्यात, मंग तोंडाकडं बघत्यात. गावात देशी बांगडी कुनाकडं नाय, आन् परदेशी मी कशी घालू?"

चैत्रातल्या त्या दुपारी दगडावर पहिलं मनगट आपटणारी बाई हीच होती. गुलजारबीने तिचा हात हातात घेतला. शेतकामाचा राठ हात, हाडं मोठी, बांगडी चढेना. तेल लावलं, बोटं एकत्र दाबली, हळूहळू एकेक चढवली. एकही वाढली नाही. वत्सलाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते दुखल्यामुळे की कशामुळे, हे गुलजारबीने विचारलं नाही.

"तू कोन गं? याआधी आली नाय कधी आमच्याकडं," वत्सलाबाई म्हणाली.

"गुलजारबी. नाशकाहून येते. यात्रेला येत असते." याहून जास्त तिला सांगवलं नाही.

शाहीर सुटून आला तो खोकत. तेहतीसच्या शेवटाला कधीतरी. चांदवडच्या यात्रेत त्याचा फड उतरणार असं कळलं, तेव्हा गुलजारबी जाऊ की नको करत दोन वेळा घरातून निघून परत आली. शेवटी गेली. गर्दी पहिल्यासारखी नव्हती. यात्रेत एका तंबूत ग्रामोफोन आला होता आणि पोरं त्याच्या कर्ण्याभोवती जमलेली. पुंजारामाने सुरुवात केली. आवाज खाली बरा होता, वर जाताना मात्र फाटायचा, आणि मग कोंडाजी पुढे होऊन ती जागा भरून काढायचा. जे इतकी वर्षं तुटलं नव्हतं ते तुटलं होतं. गुलजारबी ऐकत राहिली. तिला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. पण ती नुसती पुढे सरकून बसली, अधिक नीट ऐकू यावं म्हणून.

मध्येच कुणीतरी ओरडलं, "शाहीर, बांगड्यांचं होऊन जाऊ द्या!"

पुंजारामाने डफ खाली केला. "ते मी म्हनत नाय आता," म्हणाला, आणि दुसरं गाणं सुरू केलं.

का म्हणत नाही, ते त्याने सांगितलं नाही. पोलिसांमुळे, बायकोमुळे, की एका मण्यारणीने शेकोटीपाशी भांडण केलं त्यामुळे? गुलजारबीने त्यावर पुष्कळ विचार केला. मला विचारायची, "तुला काय वाटतं गं?" मी काही सांगायला गेले की म्हणायची, "नाही, तसं नसणार."

पुढे दोनेक वर्षांनी सायखेड्याहून निरोप आला. शाहिराच्या मुलीचं लग्न आहे, चुडा भरायला नाशिकच्या गुलजारबीलाच बोलवा, असं वत्सलाबाईने सांगून पाठवलं होतं. गुलजारबीने नव्या लुगड्यासारखा हिरवागार माल घेतला. नवरीचा चुडा भरला, करवल्यांचा भरला, गावच्या बायकांचा भरला. दिवस कलेपर्यंत तिचं अंग आंबून गेलं. सगळं आटोपून ती दोऱ्या गुंडाळत होती, तेव्हा पुंजाराम येऊन ओट्याच्या कडेला बसला.

"शेकोटीपाशी भांडलात त्या तुमीच ना?"

"मीच."

"मी त्या सासूकडं गेलो नाय."

"माहीत आहे मला."

"जायला पायजे हुतं," तो म्हणाला. मग खोकला, बराच वेळ. "तुरुंगात लय येळ आसतो मानसाला. मला वाटायचं, ती बाई कोन? धंद्यासाठी भांडायला आली आसती तर नुकसान सांगितलं आसतं. तसं काय बोलली नाय."

गुलजारबीने दोऱ्या गुंडाळणं थांबवलं नाही. मान खाली घालून, घाईघाईने सांगून टाकलं, की पंधरा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. की सायखेडा, चांदवड, लासलगाव, सगळीकडे येत होते. की नवऱ्याने कधी अडवलं नाही. की तुमचं ते गाणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच घरातलं कुणीतरी चव्हाट्यावर वाईट बोललं.

तो म्हणाला, "तरीच. परक्या मानसाला येवढा राग येत नाय."

ती इतकी लाजली की पाटी उचलून निघालीच. वत्सलाबाई मागून ओरडली, "अगं, जेवून तरी जा!" गुलजारबी म्हणाली, "गाडी निघेल." गाडी निघायला अजून पुष्कळ वेळ होता. ती नदीकाठी येरझाऱ्या घालत राहिली.

एकोणीसशे सदतीस-अडतीसच्या सुमाराला पुंजारामाने फड मोडला. कोंडाजी दुसऱ्या शाहिराकडे गेला. लोकांना आता बोलपटातली गाणी हवी होती, आणि पुंजारामाला एक गाणं पुरं म्हणवेना. तो शेतीत लक्ष घालू लागला. गुलजारबी सायखेड्याला जातच राहिली. आता धंद्याचं निमित्तही खरं नव्हतं, दोन-चार हात भरायला इतक्या लांब कोण येतं? वत्सलाबाई चहा करी. पुंजाराम ओट्यावर सुंभ वळत बसे आणि बोले. काय बोले? या वर्षी कांद्याला भाव नाही. बैलाचा खूर दुखावलाय. लासलगावच्या आडत्याने फसवलं. पाऊस नदीपलीकडे पडला आणि इकडे नाही.

गुलजारबीचा जीव कंटाळून जाई. ती मला हे सांगताना स्वतःच हसायची. "इतकी वर्षं ज्या माणसासाठी खेडीपाडी पालथी घातली, त्याच्यासमोर मला पाच मिनिटं बसवत नाही गं. कांदा, कांदा, कांदा! खलील परवडला." पायाचा अंगठा हलायला लागायचा, नजर रस्त्याकडे जायची. तिला आवडायचं ते गाणं, माणसाबरोबर कांद्याच्या गप्पा तिला कुठे हव्या होत्या? तरी पुढच्या महिन्यात ती पुन्हा सायखेड्याला.

एकदा अशीच ती उठली. पाटी डोक्यावर घेतली, "येते" म्हणाली. पुंजारामाचं बैलाचं काहीतरी सांगून व्हायचं होतं. "बरं, या," म्हणाला आणि सुंभाकडे वळला. वत्सलाबाई आत कपबशा विसळत होती. गुलजारबी दारापर्यंत पोचली आणि मागून आवाज आला. तो गात नव्हता, सुंभ वळता वळता नकळत त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. शब्द नव्हतेच, नुसती चाल, अगदी खालच्या पट्टीत. त्याचं त्यालाही भान नसावं. गुलजारबीने मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो थांबला असता. रस्त्याला गाडीवाला हाका मारत होता. डोक्यावरची पाटी खाली न ठेवता ती तशीच दारात उभी राहिली, चाल संपेपर्यंत.